शब्दमूळ वही: ‘शॅपरल’ची नोंद पूर्ण

ओकच्या रानांना असलेले शब्द जमवतोय, त्यातला ‘शॅपरल’ आता वहीत पक्का झाला. कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवरची दाट, काटक झुडपं म्हणजे शॅपरल. तिथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. मधूनमधून वणवे लागतात आणि यातली बरीच झुडपं बुडख्यातून पुन्हा फुटतात.

शब्द आला स्पॅनिशमधून. ‘चापार्रो’ म्हणजे बुटका सदाहरित ओक. त्याला ‘आल’ प्रत्यय लागला की ‘चापार्राल’, अशा ओकांची जागा. ‘आमराई’त आंब्यापुढे ‘राई’ येते, साधारण तसंच. ‘चापार्रो’ बहुधा बास्क या स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या भाषेतला, आणि तिथे त्याच्या मुळाशी झुडूप, झाडोरा असाच अर्थ आहे. बास्कचं नातं दुसऱ्या कुठल्याच भाषेशी सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे त्यापलीकडे माग लागत नाही.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटलं ते अर्थाचं फिरणं. बास्कमध्ये झुडूप, स्पॅनिशमध्ये ओक, आणि 19व्या शतकाच्या मध्याला इंग्रजीत येईपर्यंत ओक गळून पुन्हा झुडपी रान! आज कॅलिफोर्नियाच्या शॅपरलमध्ये सगळीकडे दिसतं ते चमीस. सुईसारख्या बारीक पानांचे झुबके असलेलं, चटकन पेटणारं झुडूप, आणि त्याचा ओकशी काही संबंध नाही. पण मूळचा मालक अजून तिथेच आहे: स्क्रब ओक. पान जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढं, चामड्यासारखं कडक, कडेला टोचणारे दाते. फळाची वाटी खडबडीत, गाठीगाठींची. हा ओक नीट पाहिला की ‘चापार्रो’ वेगळा समजवावा लागत नाही. मेक्सिकोत बुटक्या माणसालाही हाच शब्द लावतात.

उपनोंद: काउबॉय पँटवरून चढवतात ते चामडी ‘चॅप्स’ याच घराण्यातले. मूळ नाव ‘चापार्रेरास’, या झुडपांतून घोडा काढताना पाय सोलपटू नयेत म्हणून. उच्चार जपून करा: स्पॅनिशमध्ये ‘च’, इंग्रजी ‘शॅपरल’मध्ये ‘श’.

पुढची नोंद ‘एन्सिनाल’ची. ‘एन्सिना’ म्हणजेही सदाहरित ओक, पण चांगला उंच वाढणारा. लॉस एंजेलिसमधलं एन्सिनो आणि किनाऱ्यावरचं एन्सिनितास ही नावं त्याच्यावरूनच पडली. पानगळीच्या ओकाला स्पॅनिशमध्ये ‘रोब्ले’ म्हणतात, त्यामुळे पासो रोब्लेस या कॅलिफोर्नियातल्या गावाच्या नावाची नोंद वेगळ्या पानावर घेणार आहे.