आमच्या काजू कारखान्यातले आयएसओ

आयएसओ ९००१, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक, म्हटले की आमच्या मालकांच्या डोळ्यांसमोर भिंतीवरची प्रमाणपत्राची फ्रेम यायची. माझ्या डोळ्यांसमोर बेळगावच्या व्यापाऱ्याची तक्रार होती: एका डब्यातला गर कुरकुरीत, दुसऱ्यातला मऊ. बी सत्तरीची, ड्रायर तोच, डिचोलीतल्या त्याच बायका. मग फरक पडतो कुठे?

शोधायला लागल्यावर कळले की दोन पाळ्यांच्या दोन तऱ्हा. गरातला ओलावा पाच टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. सकाळच्या मावशी ट्रे निवला की गर लगेच डब्यात घालून झाकत. दुपारी तेच ट्रे प्रतवारीच्या टेबलावर उघडे पडून राहत. एप्रिलात हे खपून जायचे. जूनमध्ये गोव्यात मीठसुद्धा पाझरते, तिथे गराची काय कथा! सगळ्यांनी दुपारच्या पाळीला धारेवर धरले.

कन्सल्टंटने जाडजूड मॅन्युअल आणले. २०१५ च्या आवृत्तीपासून मॅन्युअलची सक्ती उरलेली नाही, हे त्याला दाखवून दिले आणि टेबलाशेजारी एकच पान लावले, मावशींच्याच बोलीत: ‘ट्रे निवलो की झाकूचो.’

ऑडिटर फायलींत फारसा रमला नाही. थेट टेबलाशी गेला, डब्ल्यू-२४० या अख्ख्या गराच्या प्रतीच्या डब्यातून ४५४ ग्रॅम म्हणजे एक पौंड गर तोलायला लावला आणि मोजायला सांगितले. या प्रतीत पौंडाला २२० ते २४० गर बसतात, बसले.

“हे कधी तपासता, बाय?”

“दर डब्याक. वही बघा.”

एवढे झाल्यावर तो ड्रायरकडे वळला. वजनकाट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का होता, पण ड्रायरच्या तापमापकाचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची पडताळणी, कधीच झालेले नव्हते. मायनर एनसी, म्हणजे मानकाशी न जुळणारी किरकोळ त्रुटी! मालकांचा चेहरा पडला. प्रमाणित तापमापक शेजारी लावून पाहिला, तर आमचा खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवत होता. म्हणजे गर मुळातच कमी सुकत होता, आणि बोलणी खात होती दुपारची पाळी. ‘तापमापक बदलला’ एवढ्या उत्तरावर एनसी बंद झाली नाही. कारण लिहावे लागले: हा तापमापक देखभालीच्या कुठल्याच यादीत नव्हता.

खरी खेचाखेच झाली मजुरीवरून. सोलाईचा दर किलोवर. दर्जा सांगतो सांभाळून सोल, दर सांगतो हात चालव. तुकडा, म्हणजे तुटलेला गर, वाढला की बायकांना दोष देणे सोपे असते. अख्ख्या गराला चढा दर द्यायला मालक बरेच दिवस राजी नव्हते. दिला, तेव्हा कुठे तुकडा कमी झाला.

प्रमाणपत्र तीन वर्षांचे असले तरी सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे मधली देखरेखीची तपासणी, दरवर्षी असते. पुढचे मी मुद्दाम जुलैत मागून घेतले आहे. मालक त्यावरून अजून धुसफुसत असतात.