पुरात बुडालेला रेडमी आणि दुकानाची बिलं

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तळमजले बुडाले, दुकानांतला माल चिखलात गेला. २००५च्या २६ जुलैचा पूर पाहिलेली माणसंसुद्धा सांगत होती, की एवढं पाणी तेव्हाही चढलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर रत्नागिरीतल्या माझ्या मोबाइल रिपेरिंगच्या दुकानात तिकडचे भिजलेले सेट यायला लागले. तिथली मोबाइलची दुकानंच पाण्याखाली गेलेली, वीज नाही, मग माणसं जमेल तशी इकडे पोचत होती. त्यातला एक सेट मी कधी विसरणार नाही.

घेऊन आलेले काका किराणा दुकानदार होते. प्लास्टिकच्या पिशवीत तांदूळ आणि त्या तांदळात रेडमी नोट ४. पिशवी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "दादा, सेट चालू नाय झाला तरी चालेल. आतले फोटो काढून द्या." दुकानातल्या वह्या, बिलांच्या फायली, सगळं वाहून गेलं होतं. दोन-अडीच वर्षं त्यांना एक चांगली सवय होती. माल आला की बिलाचा फोटो काढायचा, आणि उधारीच्या वहीचं पान भरलं की त्याचाही. घाऊक व्यापारी काही बिलं व्हॉट्सॲपवर पाठवायचे, तीही त्याच फोनमध्ये. पंचनाम्याला माणसं येत होती, विम्याचा सर्व्हेअर यायचा होता, आणि दुकानात किती माल होता याचा पुरावा आता एवढाच उरला होता.

मी आधी विचारलं, "मेमरी कार्ड आहे का?" नव्हतं. या फोनचा ट्रे हायब्रीड आहे. दुसऱ्या खाचेत एक तर सिम बसतं, नाही तर कार्ड. काकांनी धंद्याचं आणि घरचं अशी दोन सिम घातली होती, त्यामुळे सगळे फोटो फोनच्या आतल्या ३२ जीबीत. बॅकअप कधी चालू केलेला नव्हता. पुढचा प्रश्न, पाण्यातून काढल्यावर चार्जिंगला लावला का? पुतण्याने पॉवर बँक लावून पाहिली होती.

हे सगळ्यांनाच सांगायला हवं, म्हणून इथे थोडं थांबतो. पाणी आत गेल्या गेल्या फोन मरतोच असं नाही. आतल्या ओल्या सर्किट बोर्डावर वीज सोडली की खरं नुकसान सुरू होतं. पुराच्या पाण्यात क्षार असतात, गटाराची घाण असते. त्यातून करंट वाहिला की तांबं एका टोकाकडून विरघळून दुसऱ्या टोकाला जमायला लागतं आणि हिरवा थर चढतो. तांदळाने यातलं काही निघत नाही. गाळ आत तसाच सुकतो आणि तांदळाचं पीठ चार्जिंगच्या जॅकमध्ये जाऊन बसतं. असा फोन बंद ठेवायचा, चार्जरला हात लावायचा नाही आणि लवकरात लवकर उघडून घ्यायचा.

सिम ट्रे ओढला, चार्जिंग जॅकच्या दोन बाजूंचे स्क्रू काढले आणि मागचा पत्रा सावकाश उचलला. सावकाश अशासाठी, की फिंगरप्रिंटची पट्टी त्या पत्र्यालाच चिकटलेली असते आणि झटका दिला तर फाटते. आत कॅमेऱ्याभोवती करडा गाळ सुकला होता. सगळ्यात आधी ४१०० एमएएचची बॅटरी सुटी केली. डिस्प्लेच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. बोर्ड काढून चिपांवरचे झाकणाचे पत्रे उचलले, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये (ध्वनिलहरींनी घाण सुटते त्यात) धुतला, मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने साफ करून वाळवला.

बॅटरीऐवजी वीज देणारा टेबलावरचा डीसी सप्लाय चार व्होल्टला लावून बोर्डाला क्लिप जोडली. पॉवरचं बटण दाबायच्या आधीच करंट दोन अँपियरच्या पुढे. मेन लाइन शॉर्ट, म्हणजे कुठला तरी भाग बिघडून मुख्य लाइनची वीज आडवाटेने वाहत होती.

अशा वेळी ओळखीचे काही कारागीर म्हणतात, मेमरी आयसी, म्हणजे डेटा साठवणारी चिप, काढ आणि दुसऱ्या बोर्डावर चढव. जुन्या फोनांना ते चालायचं. या पिढीच्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेला असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. काकांच्या मेमरीला काकांचाच स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसर लागणार होता. बोर्ड बदलून चालणार नव्हतं, आहे तोच जिवंत करायला हवा होता.

सप्लाय एक व्होल्टवर आणला, म्हणजे शॉर्ट झालेला भाग तापेल पण बाकीच्यांना धक्का बसणार नाही. सोल्डरिंगची गन रोझिनमध्ये (राळेत) बुडवली आणि निघालेला धूर बोर्डावर धरला. धुराचा पांढरा थर दंवासारखा सगळीकडे बसतो, आणि जिथे भाग तापतो तिथला थर आधी वितळतो. क्लिप लावली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. वीज वाटणाऱ्या पॉवर आयसीच्या कडेला एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा बारीक भाग, हळूहळू काळा दिसायला लागला. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. बाजूचे सगळे पांढरेच.

हीट गन मारली असती तर तो क्षणात सुटला असता, पण मेमरी आयसी जवळच होती. पाणी पिऊन आलेल्या बोर्डावर तिच्याखालचे सोल्डरचे गोळे कितपत धड आहेत याचा भरवसा नसतो. म्हणून सोल्डरिंगच्या बारीक टोकाने (बिटाने) दोन्ही टोकं आलटून पालटून गरम केली आणि चिमट्याने तो कपॅसिटर उचलला. मीटर लावला, शॉर्ट असताना वाजणारा बीप थांबला होता. त्या लाइनवर असे बरेच कपॅसिटर समांतर असतात, एक कमी झाला तरी चालतं. त्या जागी नवीन बसवायच्या फंदात मी पडलो नाही.

पुन्हा चार व्होल्ट. बटण न दाबता करंट शून्य. बटण दाबलं. आकडा थोडा चढला, अडखळला, मग वर-खाली व्हायला लागला. करंट एकाच आकड्यावर खिळून राहिला तर प्रोसेसर पुढे जात नाही असं समजायचं. हलता आकडा म्हणजे सेट बूट होतोय. काका समोर स्टुलावर बसले होते. त्यांना मी तेवढ्यात काही सांगितलं नाही.

आता स्क्रीन. त्यांचा फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्ले, गेला होता आणि स्क्रीनशिवाय फोटो निघणार नव्हते. हा फोन कॉम्प्युटरला जोडला तर आधी नुसता चार्ज होतो. लॉक उघडून फाइल ट्रान्सफर निवडावं लागतं. इथे हा फोन खूप खपला होता याचा उपयोग झाला. जानेवारी २०१७मध्ये भारतात विक्री सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत अडीच लाख सेट गेल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. आमच्याकडे त्याचे डेड सेट अजून ड्रॉवरमध्ये पडलेले असतात. त्यातला एक चालू फोल्डर काढला, बोर्डाच्या कनेक्टरच्या पिना एकेक करून खरवडल्या आणि जोडला. फोन थरथरला, लोगो आला.

आणि पॅटर्न आठवेना. काका रोज बोट लावून उघडायचे, पण बंद होऊन चालू झालेला फोन बोट घेत नाही, पॅटर्नच मागतो. चुकत गेले तसा फोनने तीस सेकंद थांबायला सांगितलं. मी म्हटलं, "काका, थांबा जरा. पॅटर्न कुणी लावून दिला होता?" पुण्याच्या मुलीने. तिला फोन लावला, तिने लगेच सांगितला.

कॉपी करताना मी आधी अल्बम उघडू दिले नाहीत. धुतलेला बोर्ड किती वेळ टिकेल सांगता येत नाही. आधी कॅमेऱ्याच्या फोटोंच्या फाइली, मग व्हॉट्सॲपच्या फोटोंच्या, मग त्यातल्या पीडीएफच्या, असा क्रम लावला. यूएसबी जुन्या वेगाची, त्यात बोर्ड तापत होता, म्हणून छोटा पंखा लावून ठेवला. मधे एकदा कनेक्शन तुटलं, जिथून राहिलं तिथून पुन्हा घेतलं. सगळं उतरल्यावर एक प्रत पेन ड्राइव्हवर दिली आणि एक मुलीला ईमेलने पाठवायला घेतली.

मग पहिला फोटो उघडला. तेलाच्या डब्यांचं बिल, खाली काकांची सही, तारीख जूनमधली. काकांनी चष्मा लावून रक्कम वाचली आणि म्हणाले, "ह्यातला एक डबा नाय वाचला." मग बराच वेळ ते एकेक बिल पुढे सरकवत राहिले. मी मधे बोललो नाही.

फोन जोडून द्या म्हणाले. मी स्पष्ट सांगितलं, की हा रोजच्या भरवशाचा राहिलेला नाही, गंज आतून पुढे सरकू शकतो. तरी दुसरा घेईपर्यंत हाच वापरणं भाग होतं. बॅटरी नवी घातली, फोल्डर तोच ठेवला, जुन्या फोल्डरचे पैसे घेतले नाहीत. घरचं सिम काढून काकूंच्या साध्या फोनमध्ये घालायला सांगितलं आणि त्या खाचेत मेमरी कार्ड बसवून कॅमेऱ्याचे फोटो कार्डावर जातील असं सेटिंग करून दिलं. उद्या बोर्ड गेला तरी कार्ड काढून कुठल्याही फोनमध्ये घालता येईल. हे त्यांना करूनही दाखवलं, आणि मग त्यांनी माझ्या टेबलावरच्या पावतीचा फोटो काढून ते आपल्या हाताने तपासलं.