टाके निघाल्यानंतरचे उपचार

इंदूरच्या रामबागेतले आमचे एक काका चालक होते; सरवटे बसस्थानकावरून गाडी नेत असत. समोरासमोरच्या धडकेत ते जायबंदी झाले, तेव्हा सगळ्यांनी शस्त्रक्रियेची चौकशी केली. फिजिओथेरपीची मात्र कोणीच केली नाही. वास्तविक चालकाची खरी परीक्षा तिथेच असते. हाड जुळले तरी गुडघा पुरेसा वाकत नसेल, तर क्लचवरचा पाय अर्ध्यावरच अडतो. मानेला झटका बसलेला असेल, तर आरशाकडे वळताना कळ येते, आणि डोक्याला मार लागलेल्याला चक्कर किंवा विसराळूपणा कित्येक आठवड्यांनीही जाणवू शकतो. धडकेच्या धास्तीबद्दल तर चालक मंडळी घरीही बोलत नाहीत. फेरतपासणीत डॉक्टरांनी नुसता एक्स-रे न पाहता काकांना डाव्या पायाने आपला तळहात दाबायला लावला, हे मला फार मोलाचे वाटले.

कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या चालकाला कामावरील अपघातानंतर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. ही योजना लागू नसेल, तर कामावरील अपघाताच्या भरपाईच्या कायद्याखाली साधारणतः दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि फेरतपासणीचा प्रत्येक कागद घरच्यांनी जपून ठेवावा.