शिकारीलाही डोमिसाइल!

ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बंदुकीने एल्क मारण्याचा हंगाम सुरू होतो आणि आमच्या बोझमनच्या पेट्रोल पंपांवर परराज्यांच्या नंबरप्लेटचे पिकअप ट्रक दिसू लागतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या घराण्यातलं हरीण. मी शिकार करत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या लोकांना शिकार म्हटलं की खटलाच आठवतो. इथे मात्र दुकानात परवाना मिळतो, आणि भांडण होतं ते त्याच्या किमतीवरून.

मोंटानाचा रहिवासी एल्कच्या परवान्याला २० डॉलर आणि वर थोडं किरकोळ शुल्क देतो. परराज्यातला माणूस हरीण-एल्कच्या एकत्रित परवान्याला हजाराच्या वर मोजतो, तेही सोडतीत नाव निघालं तर. त्यांच्यासाठी कायद्याने १७,००० परवान्यांची मर्यादा घातली आहे. रहिवासी ठरायला सलग १८० दिवस इथे राहावं लागतं.

हा वाद जुना आहे. १९७६ साली स्थानिकांना फक्त एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे. बाहेरच्यांना २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणजे पंचवीस पट! बाल्डविन नावाचा मोंटानाचाच एक शिकार-गाइड आणि मिनेसोटाचे काही शिकारी कोर्टात गेले. गाइडचं पोट बाहेरच्या गिऱ्हाइकांवर, त्यामुळे तो कोणत्या बाजूला उभा राहणार हे उघड होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी राज्याची बाजू घेतली. एल्कची शिकार हा छंद आहे, पोटापाण्याचा धंदा नाही, त्यामुळे त्यात समान वागणुकीचा घटनात्मक हक्क पोहोचत नाही, असं न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचं म्हणणं. ब्रेनन यांनी विरोधी मत लिहिलं: बाहेरच्या शिकाऱ्यामुळे राज्याचा खर्च इतक्या पटींनी वाढतो, हे कोणी दाखवलंच नाही. पुढे २००५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून राज्यांचा हा अधिकार आणखी पक्का केला.

आपल्याकडे मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यावरून होणारी भांडणं ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. मला स्वतःला मोंटानाची बाजू बरीचशी पटते. हिवाळ्यात एल्कचे कळप रँचवाल्यांचं साठवलेलं गवत फस्त करतात, ते नुकसान सिअ‍ॅटलचा माणूस सोसत नाही. पण एवढ्यावर हिशेब मिटत नाही. १९३७च्या कायद्याप्रमाणे रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांत वाटला जातो. मिनेसोटात काडतुसं घेणाराही त्यात भर घालतोच. शिवाय इथली कितीतरी जंगलं केंद्र सरकारची, म्हणजे साऱ्या देशाची आहेत. प्राणी राज्याचे, जमीन देशाची, असा हा गुंता.

तरीही पैसे जास्त घ्या, परवाने कमी द्या, इथवर माझी तक्रार नाही. शेजारच्या वायोमिंगचा नियम मात्र मला साफ अन्यायाचा वाटतो. तिथल्या केंद्राच्या संरक्षित निर्जन अरण्यांत परराज्यातल्या माणसाला एल्कसारखी मोठी शिकार करायची तर सोबत परवानाधारक गाइड किंवा वायोमिंगचा रहिवासी लागतो. सुरक्षेसाठी, असं सांगतात. पण तोच माणूस पाठीवर सॅक आणि गळ्यात कॅमेरा अडकवून त्याच अरण्यात आठवडाभर एकटा भटकला तर कोणी अडवत नाही. ग्रिझली अस्वलं दोघांनाही सारखीच. उलट वायोमिंगच्या शहरात जन्म घालवलेला, कधी डोंगर न चढलेला माणूस रायफल घेऊन बिनदिक्कत एकटा जाऊ शकतो. ही गाइड मंडळींच्या रोजगाराची सोय आहे, दुसरं काय!

वायोमिंगमधल्या कोडी गावी राहणाऱ्या एका ओळखीच्या शिकाऱ्याला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आमची अरण्यं, आमचे नियम." मग मोंटानाने परवान्याचे दर किती वाढवून ठेवलेत यावर तो अर्धा तास बोलत होता. यंदा त्याचं नाव आमच्या सोडतीत निघालं नाही.