मॅडम, तीच माहिती परत कशाला मागता?

अंगणवाडीच्या सेविकांनो, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. तुम्ही वर्षानुवर्षं विचारत होतात आणि मी दर वेळी एकच उत्तर देत होते, "वरून मागितलंय, द्या." निवृत्त होऊन बराच काळ झाला, तरी परवा एका लग्नात माझ्या जुन्या बीटमधल्या दोघी भेटल्या आणि पंगतीतच विषय निघाला. "मॅडम, मोबाइलवर भरायचं, तेच रजिस्टरला लिहायचं, तेच कागदावर काढून द्यायचं आणि त्याच कागदाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. एकदा दिलेलं पुरत का नाही?" शेजारी माझा भाचा बसला होता. तो म्हणाला, "मावशी, सगळ्या आकडेच भरत बसतात, तर मुलांकडे बघतं कोण?" त्याचं बोलणं मला जास्त लागलं, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. पूर्वी मुख्य सेविका म्हणत. पंचवीस अंगणवाड्यांचा बीट, निम्म्या पाड्यांवरच्या. सेविकांकडून माहिती घ्यायची, गोळा करून प्रकल्प कार्यालयाला द्यायची, तिथून ती जिल्ह्याला जायची. म्हणजे तुम्हाला मागणारी मी, आणि माझ्याकडे मागणारे वरचे. मधल्या माणसाला कोणी विचारत नाही, असं मला नेहमी वाटायचं. आता तुम्ही विचारलंत तर नीट सांगते. यात माझा बचावही येईल, तो मी लपवत नाही.

अकरा रजिस्टरं तुम्हाला तोंडपाठ आहेत. कुटुंबाची माहिती, आहाराचा साठा, आहाराचं वाटप, पूर्वशालेय शिक्षण, गरोदरपण आणि बाळंतपण, लसीकरण, अ जीवनसत्त्व, गृहभेटी, संदर्भ सेवा, मासिक गोषवारा, मुलांची वजनं. ही रजिस्टरं वाईट नव्हती. ज्यानं कोणी आखली त्याला पाड्यावरचं काम ठाऊक होतं, असं मला आजही वाटतं. २०१८ मध्ये पोषण अभियान आलं, सेविकांच्या हातात मोबाइल आला, आणि अकरापैकी दहा रजिस्टरांचं काम ॲपमध्ये होईल असं आम्हाला सांगितलं गेलं. प्रशिक्षणात मी स्वतः उभी राहून म्हणाले, "ताई, आता लिहायचं बंद. हात मोकळे झाले, ते हात मुलांना लावा." टाळ्या वाजल्या होत्या. ते मी मनापासून बोलले होते.

पण रजिस्टर बंद करा असा लेखी आदेश माझ्या हातात कधी आला नाही. तपासणीला येणारा माणूस टेबलाशी बसला की पहिला शब्द "रजिस्टर दाखवा". मोबाइल दाखवला तर म्हणायचा, "ते ठीक आहे, पण लेखी?" मग मीच तुम्हाला सांगितलं, दोन्ही ठेवा. ते ॲप २०२० मध्ये बंद झालं, मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं. मधल्या काळात, आणि नंतर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते निकामी मोबाइल परत केले तेव्हा, माझ्या बीटमधल्या मुलांची माहिती कुठे होती? तुमच्या वहीत. त्या वह्या तुम्ही माझं ऐकून २०१८ लाच टाकून दिल्या असत्या तर कोणतं मूल किती वजनाचं हे सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं. त्यामुळे "रजिस्टरं जाळून टाका" असं कोणी म्हणालं की मी लगेच हो म्हणत नाही. टाळ्या घेणाऱ्या त्या बाईला आज मी हेच सांगेन.

हे झालं रजिस्टराचं. खरा त्रास वरून मागवल्या जाणाऱ्या तक्त्यांचा. एका वर्षी मी चिडून वहीत टिपून ठेवलं होतं, एका महिन्यात माझ्याकडून किती तक्ते गेले ते. सत्तावीस भरले. त्यातल्या नऊ तक्त्यांत तीच मुलं, तीच वजनं, फक्त रकाने पुढेमागे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना, लहान मुलांना आहार देणारी अमृत आहार योजना, तिचा तक्ता वेगळा, कारण त्या योजनेचा पैसा आदिवासी विकास विभागाचा. आरोग्य खात्याला वेगळा. जिल्हा परिषदेच्या सभेसाठी वेगळा. विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की आमदारांच्या तारांकित प्रश्नासाठी आणखी एक, तोही "आज दुपारपर्यंत".

शिवाय आकडे जुळत नाहीत. वर्षानुवर्षं आपण वयानुसार वजन बघत आलो. आरोग्यवाले सॅम म्हणजे तीव्र कुपोषित मूल (मॅम म्हणजे मध्यम) ठरवताना उंचीनुसार वजन बघतात, नाहीतर दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आहे का ते बघतात. एक मूल आपल्या यादीत तीव्र कमी वजनाचं असेल आणि त्यांच्या यादीत सॅम नसेल, यात कोणाचीच चूक नाही. पण वरच्या टेबलावर दोन कागद शेजारी ठेवले की प्रश्न येतो, "तफावत का?" मग तफावत समजावणारा तिसरा तक्ता. तो पुढच्या महिन्यापासून कायमचा.

मी थांबवायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. कोरोनात अंगणवाड्या बंद होत्या, शिधा घरपोच द्यायचा होता, तेव्हा त्याचा एक तक्ता सुरू झाला. अंगणवाड्या पुन्हा उघडल्या, मुलं बसायला लागली, तरी तो तक्ता चालूच. मी गपचूप पाठवणं बंद केलं. पाच महिने कोणी विचारलं नाही. मला वाटलं, जिंकले. सहाव्या महिन्यात माहिती मागवली गेली, "२०२० पासून आजपर्यंत". त्या रात्री पंचवीस सेविकांना फोन करून पाच महिन्यांचे आकडे भरायला लावले. कोणी चुलीपुढून बोलत होती, कोणाचं पोर मागे रडत होतं. तो तक्ता निरुपयोगीच होता, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण तो बंद करायचा अधिकार मला नव्हता, आणि माझ्या हुशारीची किंमत तुम्ही मोजलीत.

तक्ता सुरू करायला एक फोन पुरतो. बंद करायला सही लागते, आणि ती सही करणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही. माझा भाऊ ग्रामसेवक होता. ग्रामपंचायतीचे नमुने एक ते तेहेतीस. तो म्हणायचा, नमुन्यांचं काही नाही गं, ते कायद्यातले आहेत, कळतात तरी. नमुन्यांच्या बाहेरचं जे रोज मागतात, त्याला ना नंबर ना शेवट.

आता ते सांगते, जे लग्नाच्या पंगतीत सांगता आलं नाही.

मार्च २०१९. वर्षअखेर, वजनं भरायची मुदत संपत आलेली, आणि त्यातच पोषण पंधरवडा. माझ्या बीटमधली एक सेविका, नाव घेत नाही, अत्यंत चोख बाई. तिच्या अंगणवाडीपासून अडीच किलोमीटरवर एक पाडा. तिथल्या एकोणीस महिन्यांच्या मुलीची आई नुकतीच पुन्हा बाळंत झाली होती, त्यामुळे मुलीला अंगणवाडीत आणणारं कोणी नव्हतं. अशा मुलांसाठी ही सेविका लटकता काटा आणि झोळी पिशवीत टाकून स्वतः चालत जायची. त्या दिवशी ती जाणार होती. गेली नाही. ॲपमध्ये फेब्रुवारीचंच वजन पुन्हा टाकलं, आठ किलो तीनशे ग्रॅम.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नर्सबाई लसीकरणाला पाड्यावर गेल्या. मूल हातात घेतल्याबरोबर त्यांना कळलं. वजन भरलं सात किलो शंभर. दंडाचा घेर अकरा पूर्णांक दोन. मधे पंधरा दिवस जुलाब झाले होते, आजी भाताची पेज पाजत होती, आई नव्या बाळापाशी पडून. मी दुसऱ्या दिवशी गेले. मुलगी आजीच्या कडेवर होती. हात लावला तर कातडी चिमटीत तशीच राहत होती. ती रडतही नव्हती, माझ्या पर्सच्या चेनकडे बघत होती. त्याच दिवशी गाडी करून तिला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं. चौदा दिवस राहिली. वाचली. आज ती शाळेत जाते.

पण कागदावर चुकीचं वजन होतं, आणि ते कोणी टाकलं हे दिसत होतं. सेविकेला कारणे दाखवा नोटीस गेली. सही प्रकल्प अधिकाऱ्यांची, मसुदा माझा. "आपण प्रत्यक्ष वजन न घेता खोटी माहिती भरून शासनाची दिशाभूल केली आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा." हे शब्द माझे.

तिसऱ्या दिवशी तिने खुलासा आणून दिला. आखीव फुलस्केपचा एक कागद, निळ्या शाईत. माझ्यापुढे उभीच राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. कागदावर त्या दिवशीचे ग्रुपवरचे मेसेज वेळेसकट उतरवले होते.

"९.४० सॅम, मॅम बालकांची यादी आजच पाठवा, जिल्ह्याला द्यायची आहे.
११.०५ आधीच्या यादीत आधार क्रमांकाचा रकाना वाढवून परत पाठवा.
१२.३० अमृत आहाराची लाभार्थी संख्या पाडानिहाय वेगळी द्या.
२.१५ पोषण पंधरवड्याचे फोटो, तारीख व ठिकाण दिसेल असे.
३.५० ज्यांची माहिती आलेली नाही त्यांची नावे वरिष्ठांना कळवण्यात येतील."

खाली तीन ओळी. "वरील कामात पाड्यावर जाणे झाले नाही. मागील महिन्याचे वजन लिहिले. माझी चूक झाली."

पाचही मेसेज माझे होते.

पहिल्या यादीतली सगळी मुलं ॲपमध्ये होतीच. ती मला ॲपमधून काढता आली असती का? थोडी. पण मागितलेल्या नमुन्यात नाही. रकाने वेगळे होते, आणि हाताने बसवायचं तर माझा दिवस गेला असता. मी माझा एक दिवस वाचवला आणि पंचवीस जणींचा खर्च केला. तेव्हा हा हिशेब असा मांडला नव्हता. आणि दुसरं, फेब्रुवारी आणि मार्च, दोन्हीकडे आठ किलो तीनशे, ग्रॅमचाही फरक नाही, ही ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा आकडा दिसला की उचलून बघायचं मला कळत होतं. त्या दिवशी मी फक्त रकाने भरलेत का एवढंच बघत होते.

खुलाशावर पर्यवेक्षिकेचा अभिप्राय लिहायचा असतो. मी लिहिलं, "खुलासा असमाधानकारक. समज देण्यात यावी." मेसेज कोणाचे होते, याचा उल्लेख केला नाही. प्रकल्प अधिकाऱ्यांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता सही केली.

स्वतःच्या बाजूने मी बरंच काही सांगत आले. मलाही सकाळपासून फोन होते. माझंही नाव "माहिती अप्राप्त" मध्ये येणार होतं. वजन न घेता आकडा टाकणं ही चूकच होती, तिने स्वतः मान्य केली. हे सगळं खरं आहे. तरी तो कागद आठवला की यातलं एकही कारण उभं राहत नाही.

मग उपाय काय, असं तुम्ही विचाराल. ट्रॅकरवर जे आहे ते कागदावर मागायचं नाही, असा एक आदेश निघाला तरी नऊ तक्ते जातील, असं मला वाटतं. पण पाड्यावर रेंज नसली की ट्रॅकर अडतो, एखादी नोंद गायब झाली तर मानधन तुमचं कापलं जाणार, आणि तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला ती वहीच असते. मग वही ठेवायची तर दुबार लिहिणं आलंच. नव्या तक्त्याला शेवटची तारीख छापून द्या, असंही मी एका बैठकीत सुचवलं होतं. सगळ्यांनी मान हलवली. इतिवृत्तात ते आलं नाही. यावर माझं मत अजून ठरत नाही. कधी वाटतं फक्त वही ठेवावी, कधी वाटतं फक्त मोबाइल, आणि रोज लिहिणाऱ्या तुम्ही, तुम्हालाच कोणी विचारलेलं नाही की काय ठेवायचं.

त्या सेविकेचा गेल्या महिन्यात फोन आला होता. आता शिधा देताना लाभार्थीचा चेहराही मोबाइलवर टिपायचा असतो, आणि तरी वाटपाच्या रजिस्टरावर सह्या घ्यायच्याच. बोलता बोलता तिने तोच प्रश्न विचारला, तुमच्यासारखाच, न रागावता. "मॅडम, तेव्हा कोणीच का थांबवलं नाही?"

मी म्हटलं, यादी थांबवणं माझ्या हातात नव्हतं. अमृत आहाराचा तक्ताही नव्हता. आधारचा रकाना मी दुसऱ्या दिवशी मागू शकले असते, एक बोलणं खाल्लं असतं, बस. आणि तीन पन्नासचा मेसेज मला कोणी टाकायला सांगितला नव्हता. तो मी मनाने टाकला होता. चार वाजता निघाली असतीस तर उजेडात पाड्यावर पोचली असतीस.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हो, काटा पिशवीत भरलेलाच होता."