आखाजीचा झोका आणि टेलरबाई

आखाजीची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय तृतीयेची, दुपार म्हणजे खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाल्यावर जो तो जिथे जेवला तिथेच कलंडलेला. त्यात लाईट गेलेली, कूलर गप्प. मी फरशीवर ओला टॉवेल टाकून पडले होते आणि डोक्याशी बंगईवर माझी लेक आणि पुण्याहून आलेली भाची हळू आवाजात भांडत होत्या. हळू आवाजातलं भांडण झोपणाऱ्याला जास्त छळतं. मोठ्याने भांडलं तर निदान रागवता येतं.

‘ती पूर्वीची राहिलीच नाही.’ ‘माणूस बदलणारच ना गं.’ ‘आता सगळा हिशोबच असतो तिचा.’ मी डोळे मिटून मनातल्या मनात सगळ्या वहिन्या चाळल्या, कोण असेल बरं? मग ‘टेलर’ असं ऐकू आलं, तेव्हाही मला आधी आमच्या गल्लीतला शिंपीच आठवला.

तर ही टेलर स्विफ्ट, अमेरिकेतली गाणारी बाई. भाचीला ती शाळेत असताना एका मैत्रिणीच्या पेनड्राइव्हमधून भेटली: कुरळे केस, काउबॉय बूट, गिटार आणि कंट्री गाणी. २०१४ साली ‘१९८९’ नावाचा अल्बम काढून ती बाई पुरती पॉप झाली, ही भाचीच्या लेखी फितुरी आहे. माझ्या लेकीला ती लॉकडाऊनमध्ये सापडली, म्हणजे २०२० सालच्या ‘फोकलोर’मध्ये. रानात एकटी उभी, कानाशी पुटपुटल्यासारखी गाणी. त्यामुळे लेकीच्या मते तीच मूळ टेलर आणि आधीचं सगळं पोरकट. जिला ती ज्या स्टेशनावर भेटली, तिच्यासाठी गाडी तिथूनच सुटली.

मधल्या काळात लोक तिला सापीण म्हणायला लागले, तर तिने २०१७ मध्ये आपल्या सोशल मीडियाच्या खात्यांवरचं सगळं पुसलं आणि सापाचाच व्हिडिओ टाकला. जुनी टेलर मेली, असं गाण्यातून जाहीरही करून टाकलं. मग २०२३ पासून जवळजवळ दोन वर्षं १४९ कार्यक्रम केले, एकेक तीन तासांच्या वरचा, आणि त्यात सगळ्या जुन्या टेलर, ज्या त्या काळाचे कपडे घालून, पुन्हा हजर.

‘म्हणजे मेलेल्यांची घागरच भरली की तिने,’ मी पडल्या पडल्या म्हटलं. सकाळीच मी पितरांच्या नावाने घागर पुजली होती, वर डांगर ठेवून. दोघी हसल्या नाहीत. या वयात आईचे आणि मावशीचे विनोद ऐकू येत नाहीत.

भांडण तापलं ते पुढे. तिच्या पहिल्या सहा अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क २०१९ मध्ये परस्पर विकले गेले, म्हणून तिने तीच गाणी नव्याने गाऊन २०२१ पासून बाजारात आणायला घेतली. (२०२५ मध्ये तिने ती मूळ मुद्रणंही विकत घेतली, म्हणजे आता दोन्ही तिचीच.) तर २०२३ च्या नव्या मुद्रणात एका गाण्यातली, दुसऱ्या मुलीला टोमणा मारणारी ओळ तिने चक्क बदलली. लेक म्हणाली, शहाणपण आलं. भाची म्हणाली, ‘वीस वर्षांची असतानाचा राग होता तो. तो तसाच ठेवायचा ना! मावशी, तूच सांग.’

मी उठूनच बसले. कारण हे भांडण मी आधी एकदा भांडले होते, नऊ वर्षांची असताना.

अमळनेरजवळच्या आमच्या गावी निंबाला मोठा झोका बांधायचे. ओट्यावर पुरुषांचे पत्ते, तेवढ्या दिवसापुरते उजळ माथ्याने, आणि निंबाखाली माहेरवाशिणी, पोरीबाळी. त्यांत आमची आत्या म्हणजे स्टारच. झोका वर गेला की तिचा आवाज त्याच्याही वर जाई. सासूचे वाभाडे काढणारं एक गाणं होतं, त्याच्यासाठी शेजारच्या आळीतल्या बायका हातातलं काम टाकून येत. मग आत्याचं लग्न होऊन ती सुरतेला गेली, आणि पुढच्या आखाजीला भुसावळच्या गाडीतून उतरली ती मनगटावर घड्याळ, अंगावर नायलॉनची साडी आणि गाण्यात गरब्याची टाळी घेऊन. आणि सासूचं कडवं? ते गाळलंच. सासू आजारी होत्या म्हणे, जीभ वळेना.

निंबाखाली गहजब झाला. ‘पुरी सुरतनी व्हई गयी व माय तू!’ एक म्हातारी म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं. दुसरी म्हणाली, टाळी बरी वाटते कानाला. ओट्यावरून कोणीतरी पत्ते पिसत निकाल दिला की कडव्याशिवाय गाणं म्हणजे मिठाशिवाय कळण्याची भाकर. मी काही बोलले नाही, फक्त झोक्याला धक्का देणं बंद केलं. आत्या गातच राहिली आणि झोका हळूहळू थांबला. तिने वळून पाहिलं होतं. ते पाहणं मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही.

हे मुलींना सांगितल्यावर भाचीने लगेच फोनच लावायला लावला. आत्या आता सत्तरीपुढे, सुरतेतच. ‘ते सासूचं गाणं म्हण ना,’ मी म्हटलं. आढेवेढे न घेता तिने सुरू केलं. आवाज चिरकलेला, मध्येच दम लागलेला, पण गाणं जुन्या चालीतलं आणि कडवं जसंच्या तसं, एकेक शिवी मोजून.

‘आत्या, हे तर तू सोडलं होतंस!’

‘हां. पण आता मीच सासू आहे,’ ती हसली. ‘आता म्हणायला कोणाची भीती?’

भाचीने जिंकल्यासारखं लेकीकडे पाहिलं. मला मात्र काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. टाळी नव्हती. ती नायलॉनच्या साडीतली, मला अजिबात न आवडलेली टाळी. ‘आत्या, टाळी का नाही गं वाजवलीस?’ असं विचारेपर्यंत लाईट आली, कूलर घरघरला, आणि पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करत तिने ठेवूनही दिला.

एका हातात फोन धरून ती टाळी कशी वाजवणार होती, हे मला नंतर सुचलं.