सरासरी पावसावर माझा विश्वास का नाही

कोरड्या प्रदेशाचा सरासरी पाऊस कोणी सांगितला ना, की मला पहिला प्रश्न पडतो, कुठल्या वर्षांची सरासरी? कारण तिकडे पाऊस दरवर्षी थोडाथोडा कमीजास्त होत नाही, चांगली वर्षं लागोपाठ येतात आणि वाईटही लागोपाठ, मग ३० वर्षांची नोंद हाताशी असली तरी ती ओल्या काळातली निघाली तर सगळा हिशोबच चुकतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियात हेच झालं. १८६५ मध्ये जॉर्ज गॉयडर नावाच्या सर्व्हेअरने मोठ्या दुष्काळानंतर नकाशावर रेषा काढली, तिच्या उत्तरेला धान्य पेरू नका म्हणून. मग १८७० च्या दशकात छान पाऊस पडला, लोकांना वाटलं नांगर चालवला की पाऊस मागे येतो (खरंच असं मानायचे!), शेतं रेषेपलीकडे गेली आणि १८८० नंतर दुष्काळ परतला. ओसाड घरांचे दगडी अवशेष अजून उभे आहेत तिथे. फोटो बघून खूप वाईट वाटतं मला.

आफ्रिकेतल्या साहेलचंही (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा) तसंच, १९५० चं दशक ओलं, मग १९६० च्या अखेरीपासून १९८० च्या दशकापर्यंत भयंकर कोरडं. आधी दोष गुराढोरांच्या चराईवर टाकला होता, नंतर कळलं की मुख्य कारण समुद्राच्या तापमानातले बदल. म्हणजे ज्या गुराख्यांना बोल लावला ते बिचारे दूरच्या समुद्राची शिक्षा भोगत होते.